पावसाआधी झाड तोडायला माणूस बोलावताय? त्याचं काम, धोका, कायदा आणि २० रुपयांचा विमा समजून घ्या

कुडाळ : मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की गावागावात एकाच माणसाचे फोन वाजायला लागतात. कुणाच्या कौलांवर आंब्याची फांदी आलेली असते, कुणाच्या गोठ्यावर सुकलेला माड झुकलेला असतो, कुणाच्या अंगणातली जांभूळ विजेच्या तारेला टेकलेली असते. वर्षभर कुणाला आठवण नसते, आणि मिरग तोंडावर आला की सगळ्यांना 'आजच ये' असं असतं. झाडावर चढणारी माणसं मात्र गावात मोजकीच उरली आहेत. काही वाड्यांत तर एकही नाही, शेजारच्या गावातून माणूस आणावा लागतो.

ही माणसं कुणाच्या नोकरीत नाहीत. त्यांना हजेरीपत्रक नाही, पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही. कोयता, दोर, करवत आणि अलीकडे पेट्रोलवर चालणारी कटर मशीन हीच त्यांची मालमत्ता. सिंधुदुर्गात आणि गोव्यात नारळ पाडणाऱ्याला पाडेली म्हणतात. त्यातलेच काही जण फांद्या छाटतात, धोकादायक झाडं उतरवतात, आंबा काढतात. त्यांचं काम नेमकं चालतं कसं, त्यात जीव कुठे अडकतो, आणि काही वाईट घडलंच तर घरच्यांना काय मिळू शकतं, हे काम करणाऱ्याने आणि काम देणाऱ्याने दोघांनीही समजून घ्यायला हवं.

वर्षभराचं काम कसं असतं?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हे पावसाआधीचं काम आहे. प्रत्यक्षात बारा महिन्यांची घडी वेगळी असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस ओसरला की जुन्या आंबा बागांची छाटणी सुरू होते. उंच वाढलेली, एकमेकांत घुसलेली आणि फळ कमी झालेली कलमं उंचीने कमी करायची, मधल्या फांद्या काढून ऊन आत जाऊ द्यायचं, याला पुनरुज्जीवन म्हणतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने हे तंत्र बागायतदारांपर्यंत नेलं. याच दिवसांत बांडगूळ काढायचं कामही निघतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत भाजावळीसाठी ऐन-किंजळीची कवळ तोडायची, सरपण काढायचं. मार्चपासून मे अखेरपर्यंत झेल्याने आंबा काढणं आणि शेवटी घरावरची झाडं. पावसात खोडावर शेवाळ धरतं, साल निसरडी होते, म्हणून जून-जुलैत काम जवळजवळ थांबतं. तेव्हा वादळाने पडलेली झाडं बाजूला करायचीच काय ती कामं मिळतात. नारळी पौर्णिमा आणि गणपती जवळ आले की नारळाला मागणी येते आणि पाडेली परत माडावर चढतो.

नारळाचं काम मात्र वर्षभर पाळीने चालतं. चांगल्या माडाला वर्षाला साधारण बारा ते चौदा झावळ्या येतात आणि जवळपास तितकेच पेंड धरतात. त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी एकदा माडावर चढावंच लागतं. आपल्याकडचा बाणवली जातीचा जुना माड १५ मीटरच्या वर सहज जातो. म्हणजे पाच मजली इमारतीएवढी उंची. दिवसाला असे कितीतरी माड चढायचे आणि उतरायचे.

पैसे कसे ठरतात?

नारळाचा दर झाडागणिक ठरतो. काही ठिकाणी रोख रकमेसोबत झाडामागे एक-दोन नारळ द्यायची पद्धत अजून आहे. साधी छाटणी रोजावर होते. घरावरचं, विहिरीवरचं किंवा तारेजवळचं झाड मात्र उक्तं घेतलं जातं, कारण त्यात वेळेपेक्षा जोखीम जास्त असते. असं झाड एकदम पाडता येत नाही. ते शेंड्यापासून तुकड्या-तुकड्याने कापून दोरीने खाली सोडावं लागतं. त्याला वर एक आणि खाली दोरी धरणारे किमान दोघे लागतात.

इथेच वाद होतात. मालकाला वाटतं दोन तासांचं काम आणि एवढे पैसे? पण त्या रकमेतून खालच्या दोघांची मजुरी, पेट्रोल, टू-स्ट्रोक ऑइल, साखळीचं ऑइल, कानस, झिजलेली साखळी आणि गाडीभाडं निघायचं असतं. दोर दरवर्षी बदलावा लागतो. पावसाचे दोन-अडीच महिने बसून काढायचे असतात तेही यातूनच. लाकूड कुणाचं, हेही आधीच ठरवावं. 'लाकूड मी नेतो, मजुरी कमी घेतो' असा व्यवहार गावात चालतो, पण तो झाड पडल्यावर नको, कोयता लावण्याआधी बोललेला बरा.

चढण्याआधी झाड वाचावं लागतं

जाणता माणूस आल्या आल्या चढत नाही. आधी झाडाभोवती फिरतो. बुंध्याजवळ अळंबी उगवली आहे का, खोडाला ढोली आहे का, एका बाजूची माती फुगून भेगा पडल्या आहेत का, रस्ता रुंद करताना किंवा पाया खणताना मुळं तुटली आहेत का, हे बघतो. कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकून आवाज ऐकतो. आतून पोकळ असेल तर आवाज बद्द येतो. झाड नव्यानेच एका अंगाला झुकलं असेल आणि विरुद्ध बाजूची माती उचलली गेली असेल, तर त्यावर चढूच नये.

झाडाझाडाचा स्वभाव वेगळा असतो. चिंचेची फांदी चिवट, वाकते पण पटकन मोडत नाही. जांभूळ आणि शेवगा दिसायला हिरवे, पण फांदी कडकन जाते. सुकलेल्या फांदीवर पाय ठेवायचाच नाही, हा पहिला धडा. झाडावर आग्या मोहोळ किंवा गांधीलमाशीचं पोळं आहे का, हे खालून नीट पाहावं लागतं. वर गेल्यावर माशा उठल्या तर पळायला जागा नसते. मशीनच्या आवाजानेही मोहोळ उठतं.

फांदी कापायची योग्य पद्धत

जाड फांदी वरून एका घावात कापली तर ती अर्धी तुटून लोंबते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. ती जखम भरत नाही, पाणी मुरतं, कीड लागते आणि काही वर्षांत खोड पोकळ होतं. म्हणून फांदी तीन कापांत काढतात.

पहिला काप खोडापासून हात-दीड हात लांब, खालच्या बाजूने, फांदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदीचं वजन इथेच मोडून खाली जातं आणि साल सोलली जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा. फांदी खोडाला जिथे जुळते तिथे सालीची फुगीर वळी असते. ती वळी न कापता तिच्या बाहेरून काप घ्यायचा. झाड जखम भरून काढतं ते याच वळीतून. खुंट लांब ठेवला तर तो कुजतो, आणि खोडाला अगदी घासून कापलं तर जखम मोठी होते.

आंबा-काजूच्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना प्लास्टिकच्या दोन भांड्यांत वेगवेगळे भिजवून, दोन्ही मिळून पाणी १० लिटर होईल असं एकत्र करायचं. लोखंडी भांडं वापरायचं नाही.

बांडगूळ काढताना नुसतं वरचं बांडगूळ ओरबाडून उपयोग नाही. त्याची मुळी फांदीच्या आत गेलेली असते आणि ते परत फुटतं. जिथे ते चिकटलं आहे त्याच्या खालून फांदीच कापावी, तीही त्याला फळं धरायच्या आधी. पक्षी ती फळं खातात आणि चिकट बी शेजारच्या कलमावर नेऊन सोडतात.

माडाच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. नारळ काढताना हिरव्या झावळ्या मुळापासून तोडल्या जातात. त्या ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि आत अंडी घालतो. हिरवी झावळ तोडावीच लागली तर खोडापासून सुमारे १२० सें.मी. देठ ठेवून तोडावी. चांगला पाडेली नारळ काढता काढता शेंडा साफ करतो आणि गेंड्या भुंगा दिसला तर तारेच्या आकडीने बाहेर ओढतो. म्हणून जो नुसते नारळ टाकून पटकन उतरतो त्याच्यापेक्षा शेंडा साफ करणाऱ्याला दोन पैसे जास्त दिलेले वसूल होतात.

माडावर चढायची मशीन आणि सुपारी

पायात दोरीची कडी अडकवून चढणं ही जुनी पद्धत. त्यात माणूस निव्वळ हातापायाच्या ताकदीवर असतो. दोन पायटे आणि लोखंडी तारेचे फास असलेली चढण्याची मशीन आता कोकणातही दिसते. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचे एम. जे. जोसेफ यांनी बनवलेली मशीन त्यात सगळ्यात जास्त पसरली. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात तरुणांना अशा मशीनवर चढायचं प्रशिक्षण देणं सुरू केलं आणि नंतर ते इतर राज्यांत नेलं. त्यात मुलीही शिकल्या. पाडेली आणि नीरा काढणाऱ्यांसाठी मंडळाची केरा सुरक्षा नावाची विमा योजनाही आहे. तिची चौकशी मंडळाकडे किंवा तालुका कृषी कार्यालयात करता येते.

मशीन असली तरी कमरेचा पट्टा वेगळा लागतोच. मशीनमुळे चढणं सोपं होतं, पण शेंड्यात पोचल्यावर दोन्ही हात कामात असतात आणि तोल जातो तो तेव्हाच. सुपारीला ही सोय फारशी नाही. सुपारीचं खोड बारीक, आणि तरबेज माणूस एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जातो. वेळ वाचतो, पण आतून किडलेली एखादी पोफळ मोडली तर माणूस सरळ खाली.

जीव जातो तो कुठे?

पहिला धोका विजेचा. पावसाआधी तारेजवळच्या फांद्या तोडताना हा धोका सगळ्यात मोठा. ओली फांदी वीज वाहून नेते. तारेला हात लागायचीही गरज नसते, फांदी तारेवर पडली की पुरे. ११ हजार किंवा ३३ हजार व्होल्टच्या लाइनजवळ तर नुसतं जवळ गेलं तरी झटका बसू शकतो. ॲल्युमिनियमची शिडी आणि लोखंडी आकडी तिथे न्यायचीच नाही. 'गावातली लाइट गेली आहे, तेवढ्यात उरकून घेऊ' हा विचार जीवघेणा आहे. लाइट केव्हाही परत येते. शेजारचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर बंद तारेतही वीज उलटी येते. महावितरणच्या शाखा कार्यालयात किंवा १९१२ वर कळवून, वायरमन समोर उभा राहून लाइन बंद करून देईल तेव्हाच कोयता चालवायचा. ही विनंती झाडमालकाने करायची, चढणाऱ्याने नव्हे. त्यासाठी दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबावं.

दुसरा धोका कटर मशीनचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते. खांद्याच्या वर उचलून किंवा एका हाताने मशीन चालवायची नाही. शिडीवर उभं राहून तर अजिबात नाही. झाडावर मशीन न्यायची तर माणसाचा पट्टा वेगळा आणि मशीनची दोरी वेगळी हवी. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते मशीनच्या पुस्तकात पाहावं, बऱ्याच मशिनींना लिटरला २० ते ४० मिली लागतं. निव्वळ पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होतो आणि महिनाभराची कमाई दुरुस्तीत जाते.

तिसरा धोका झाड पाडताना. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घ्यायची, साधारण जाडीच्या पाव हिश्शापर्यंत. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या थोडं वरून कापत यायचं आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड बिजागरीसारखं राखायचं. तेच झाडाला दिशा देतं. ते पूर्ण कापलं की झाड कुठेही फिरतं. पळायची वाट आधीच साफ करून ठेवायची, झाड पडणार त्याच्या तिरकस मागच्या बाजूला. बघ्यांना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभं करायचं. मोबाइलवर व्हिडिओ काढायला पुढे येणारी पोरं हा अलीकडचा नवा धोका आहे.

निसर्ग चक्रीवादळ (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) यानंतर कोकणात हजारो झाडं आडवी झाली, तेव्हा चौथा धोका दिसला. आडव्या पडलेल्या झाडाच्या खोडात आणि फांद्यांत ताण अडकलेला असतो. चुकीच्या जागी कापलं की फांदी स्प्रिंगसारखी उसळते, किंवा मुळासकट उचकटलेला बुंधा परत उभा होतो. त्यामुळे पडलेलं झाड म्हणजे सोपं काम असं समजू नये.

माणूस पडला तर काय करायचं? त्याला हातापायाला धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मान आणि पाठ हलू न देता आहे तसा ठेवा आणि १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर फळीवर किंवा दारावर, तीन-चार जणांनी एकदम सरळ उचलून ठेवा. पाठीचा कणा मोडलेला असेल तर चुकीच्या उचलण्याने कायमचं अपंगत्व येतं. पट्ट्यात लटकून बेशुद्ध झालेल्याला मात्र लगेच खाली उतरवावं लागतं, कारण लोंबकळत राहिल्यास रक्त पायांत साठून काही मिनिटांत जिवावर बेततं. म्हणून झाडावर एकट्याने कधी जाऊ नये.

कायदा काय सांगतो?

झाड आपल्या जमिनीत आहे म्हणून हवं तेव्हा तोडता येतं असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, ऐन, किंजळ, अंजन, बिजा, हळदू, तिवस आणि खारफुटी ही झाडं आहेत. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यासाठी वनक्षेत्रपाल किंवा तहसील कार्यालयात अर्ज, सातबारा आणि झाडाची माहिती द्यावी लागते. नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा झाडांचा कायदा लागतो आणि तिथे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली होती, त्यामुळे तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय झाडाला हात लावू नये. लाकूड गाडीने न्यायचं असेल तर वाहतूक पास लागतो का, तेही त्याच वेळी विचारावं.

परवानगी काढणं मालकाचं काम आहे. पण पंचनामा होतो तेव्हा मशीन, कोयता आणि गाडी तोडणाऱ्याची सापडते. म्हणून कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय काम हातात घेऊ नये. कागदाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवावा.

घरच्यांना काय मिळू शकतं?

हातावर पोट असलेल्या या माणसांच्या बाबतीत अपघातानंतर पहिला प्रश्न येतो की आता कुणी द्यायचं? मालक म्हणतो तो स्वतःचा धंदा करतो, आणि कागद काहीच नसतो. म्हणून पुढच्या गोष्टी अपघाताआधी करून ठेवाव्यात.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वय १८ ते ७०, बँकेत खातं, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू झाला तर २ लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तरी २ लाख. एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर १ लाख. नुसतं हाड मोडलं तर यातून काही मिळत नाही. महत्त्वाचं म्हणजे हा विमा १ जून ते ३१ मे असा चालतो. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो, आणि खात्यात २० रुपये नसतील तर विमा बंद पडतो. म्हणजे कामाची सगळ्यात जास्त धावपळ असते तेव्हाच हे बघायचं राहून जातं. पासबुक भरून हप्ता कापला गेला का, हे दरवर्षी तपासावं.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना : सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती, वय १० ते ७५. उंचावरून पडणं आणि विजेचा धक्का हे दोन्ही अपघात यात बसतात. मृत्यूला २ लाख मिळतात. हप्ता काहीच नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच करावा. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि सातबारा लागतो. पोलिसांत नोंदच केली नाही तर पुढे कागद उभा राहत नाही. दुःखाच्या घरात हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्याने, पोलीस पाटलाने ते करून घ्यावं. भूमिहीन मजुराला मात्र ही योजना मिळत नाही, त्याला २० रुपयांचाच आधार.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : योजनेतल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. रेशनकार्ड आणि आधार जवळ हवं. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे, हे आधीच विचारून ठेवावं.

ई-श्रम कार्ड : वय १६ ते ५९, नोंदणी मोफत. असंघटित कामगार म्हणून सरकारी नोंद होते.

काम देणाऱ्याने एवढं करावं

काम मेच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरनंतर बोलावलंत तर माणूसही मिळतो, घाईही नसते आणि झाडालाही ते मानवतं. तारेजवळचं झाड असेल तर महावितरणला आधी कळवा. परवानगीचा कागद काढून ठेवा. पट्टा आणि दोर नसलेल्या माणसाला स्वस्त पडतो म्हणून वर चढवू नका. दारू प्यालेल्याला तर ओळखीचा असला तरी परत पाठवा. भर दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात काम थांबवायला सांगा. ठरलेले पैसे झाड उतरल्यावर लगेच द्या. आणि चहा देताना एकदा विचारा, 'वीस रुपयांचा हप्ता कापला काय रे?' खात्यात नसतील तर तेवढे आपण घालावे, आणि ३१ मेच्या आत घालावे.